पुढचा टप्पा कोणता?

कर्जत नांवाचीं दोन तालुक्याचीं गांवें महाराष्ट्रांत आहेत. एक भोर घाटाच्या पायथ्याशीं, रायगड जिल्ह्यांत. दुसरें नगर जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, सीना आणि भीमा यांच्या मधल्या कोरडवाहू मुलखांत. पहिल्यास घाटाच्या आगगाडीनें नांव मिळवून दिलें, दुसऱ्यास दुष्काळानें. पाकिटावर 'मुक्काम पोस्ट कर्जत' एवढेंच लिहून तें कोणी पेटींत टाकलें, तर त्यानें कोणत्या दिशेस निघावें? लिहिणाऱ्याच्या मनांत एकच कर्जत असतें. टपालाच्या थैलीला तें कसें कळावें?

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आपल्याकडे आलें, तेव्हां त्याच्याबरोबर राउटर नांवाचें एक यंत्रहि आलें. हातीं आलेला संदेशाचा तुकडा कोणत्या तारेवर सोडावयाचा, एवढाच निर्णय हा राउटर करतो. परंतु तो सेकंदास शेंकडों वेळां करतो, आणि दर खेपेस कोणास न विचारतां करतो. त्या निर्णयाची रीत मला आज सांगावयाची आहे. यंत्राचें झांकण उघडून ती सांगतां येईल. पण नगर जिल्ह्याच्या टपालवाटेनें गेल्यास ती अधिक लवकर उमगेल असें मला वाटतें, कारण यंत्र नवें असलें तरी त्याची युक्ति बरीच जुनी आहे.

पेशवाईंत पत्र जासुदाच्या हातीं जाई. पुष्कळदां जासुदांची जोडी धाडीत, म्हणजे एकावर प्रसंग आला तर दुसरा पुढें जाई. पुण्याहून निघालेल्या जासुदानें गोदावरी उतरून थेट सरदाराच्या छावणीपर्यंत जावयाचें. आणि छावणी आज एका गांवीं तर उद्यां दुसऱ्या, म्हणून वाटेंत विचारपूस करीत तिचा माग काढणें हेंहि त्याचेंच काम. सारी वाट एका माणसाच्या डोक्यांत असे. ही पद्धत खात्रीची खरी, पण प्रत्येक पत्रामागें एक जाणता माणूस खर्ची पडे. दरबारास आणि सावकारास तें परवडे, इतरांस नाहीं.

इंग्रजी अमदानीच्या टपालानें हें डोकें वांटून टाकलें. १८५४ सालीं सर्व हिंदुस्थानांत अर्ध्या आण्याचें तिकीट आलें आणि अंतर कितीहि असलें तरी हलक्या पत्राचा दर एकच झाला, तेव्हां पत्रांची संख्या इतकी वाढणार हें उघड होतें, कीं प्रत्येकामागें जासूद धाडणें अशक्य होतें. डाकवाला घुंगरांची काठी खांद्यावर टाकून आपल्या टप्प्यापुरता धांवे आणि पुढच्या ठाण्यावर थैली दुसऱ्याच्या स्वाधीन करून परत फिरे. थैलींत काय आहे हें त्यास ठाऊक नसे, आणि ती शेवटीं कोठें जाणार हेंहि नसे. ठाण्यावरच्या बाबूस तरी काय माहीत असे? अमक्या गांवचें टपाल अमक्या थैलींत, एवढेंच. म्हणजे संपूर्ण वाट माहीत असलेला माणूस या व्यवस्थेंत एकहि नव्हता, आणि तरीहि पत्र पोंचत होतें. प्रत्येकास फक्त पुढचा टप्पा माहीत असावा, इतकेंच या व्यवस्थेस लागे. राउटरचें सगळें शास्त्र या एका गोष्टीवर उभें आहे.

मग आगगाडी आली. मुंबईहून निघालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे दोन फांटे सह्याद्रि चढले: दक्षिणेकडचा भोर घाटानें, १८६३ सालीं, उत्तरेकडचा थळ घाटानें, १८६५ सालीं. पहिला पुण्यावरून दौंडाकडे गेला, दुसरा नाशिकावरून मनमाडाकडे; आणि मध्यें नगर कोरडेंच राहिलें. हे दोन फांटे जोडणारा दौंड-मनमाड रस्ता १८७८ सालीं सुरू झाला. त्याचें मातीकाम १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळांत पोटासाठीं घराबाहेर पडलेल्या मजुरांच्या हातूनहि झालें, ही गोष्ट त्या रस्त्यानें जातांना विसरूं नये. या सुमारें दोनशें छत्तीस किलोमीटरांच्या रुळांनीं नगरास मुंबईशीं जोडलें असें आपण म्हणतों. खरें म्हणजे त्यांनीं नगरास मुंबईच्या दोन वाटा दिल्या, आणि वाटा दोन झाल्या कीं निवड आली. नगरचें मुंबईस जाणारें टपाल दौंडावरून धाडावें कीं मनमाडावरून? मैल मोजून हें ठरत नाहीं. कोणती गाडी आधीं सुटते, कोणत्या स्थानकावर थैली रात्रभर पडून राहते, कोणत्या घाटांत दरड कोसळली आहे, हेंहि पाहावें लागतें. आजहि भोर घाट बंद पडला, म्हणजे लांब पल्ल्याच्या कित्येक गाड्या याच रस्त्यानें वळवून न्याव्या लागतात. या रस्त्याचा आपणांस पुढें आणखी एकदां उपयोग होणार आहे.

धावत्या गाडीच्या डब्यांत बसून पत्रें निवडणारा रेल्वे मेल सर्व्हिसचा सॉर्टर हा या सगळ्या व्यवस्थेचा कणा. समोर खणांचें लांकडी कपाट, हातांत पत्रांचा गठ्ठा, आणि डोक्यांत गांवांच्या नांवांची जंत्री. पत्र हातीं येतांच तें कोणत्या खणांत टाकावयाचें हें क्षणांत ठरलें पाहिजे, कारण पुढचें स्थानक थांबत नाहीं. अडचण नांवांची. कर्जत दोन, तशीं बेलापुरेंहि एकाहून अधिक. आणि श्रीरामपुराचें रेल्वे स्थानक तर बेलापूर याच नांवानें ओळखलें गेलें. खुद्द अहमदनगरहि एकच नव्हतें: गुजरातेंत ईडर संस्थानांत दुसरें अहमदनगर होतें, त्याचें १९१२ सालीं हिंमतनगर झालें. भरीस निरनिराळ्या लिप्या, निरनिराळ्या भाषा, आणि आम्हां सुशिक्षितांचें हस्ताक्षर!

या गोंधळावर उपाय काढणारा गृहस्थ मराठी होता, आणि संस्कृत कवि होता. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार खात्यांत चढत दळणवळण मंत्रालयांत वरिष्ठ अधिकारी झाले; त्यांच्या योजनेचा सहा आंकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजीं देशभर सुरू झाला. मात्रांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसानेंच गांवांस आंकड्यांत बांधावें यांत मला तरी नवल वाटत नाहीं. पहिला आंकडा देशाचा विभाग दाखवितो. दुसरा त्यांतील पोटविभाग. तिसरा टपाल निवडण्याचा जिल्हा. उरलेले तीन प्रत्यक्ष डाकघर. रायगडांतील कर्जत ४१०२०१. नगरांतील कर्जत ४१४४०२. आतां कोणी कानपुरांत हीं दोन पाकिटें पेटींत टाकलीं अशी कल्पना करा. तेथील सॉर्टरास कर्जत हें गांव जगांत आहे हेंहि माहीत असण्याचें कारण नाहीं. तो पहिला आंकडा पाहतो, चार. दोन्ही पाकिटें एकाच दिशेस. पुढें दुसरा आंकडा, एक. अजूनहि दोन्ही बरोबरच. तिसऱ्या आंकड्यावर मात्र एक शून्याकडे वळतें आणि दुसरें चाराकडे. शेवटचे तीन आंकडे तोंवर कोणी वाचलेलेच नसतात. जितकें जवळ जावें तितका पत्ता अधिक बारकाईनें वाचावा. दुरून वाचण्याची गरज नाहीं.

येथें नगर जिल्ह्याची एक मौज सांगण्यासारखी आहे. नगर शहर ४१४ मध्यें, आणि पारनेर, पाथर्डी, शेवगांव, नेवासें हींहि ४१४ मध्येंच. पण श्रीगोंदें, जामखेड, राहुरी आणि श्रीरामपूर पडलीं ४१३ मध्यें, म्हणजे सोलापूर, बारामती आणि लातूर यांच्या पंक्तीस. अकोलें व संगमनेर ४२२ मध्यें नाशिकाबरोबर; कोपरगांव आणि शिरडी ४२३ मध्यें मनमाड-मालेगांवाबरोबर. एका जिल्ह्याचे हे चार तुकडे पाहून कलेक्टर कचेरींतील मनुष्य चकित होईल. परंतु टपालाचा नकाशा कलेक्टरासाठीं काढलेला नाहीं. थैली कोणत्या वाटेनें जाते त्यावरून काढलेला आहे. टेलिफोन खात्याच्या एस.टी.डी. क्रमांकांनीं याच जिल्ह्याचा तिसराच नकाशा काढला. तेथें नगर ०२४१, संगमनेर ०२४२५, कोपरगांव ०२४२३, राहुरी ०२४२६, आणि शेजारीं छत्रपती संभाजीनगर, पूर्वींचें औरंगाबाद, ०२४०. म्हणजे पत्राच्या दृष्टीनें संगमनेर नाशिकाचें आणि टेलिफोनच्या दृष्टीनें नगरचें! पत्ता हा जमिनीचा गुण नसून त्यावरून वाहणाऱ्या व्यवस्थेचा गुण आहे, हें याहून स्पष्ट कशानें दिसेल? २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. पाट्या बदलल्या, ४१४००१ हा आंकडा होता तोच राहिला, आणि निवडणाऱ्याचें काम एका पाकिटानेंहि अडलें नाहीं. नांव माणसांसाठीं आणि आंकडा वाटेसाठीं, ही फारकत इंटरनेटनेंहि केलेली आहे.

आतां यंत्राकडे वळूं. १९६४ सालीं अमेरिकेंत पॉल बारन यानें एक योजना मांडली. अणुबाँब पडून मध्यवर्ती टेलिफोन ठाणीं नष्ट झालीं तरी उरलेल्या ठाण्यांतून संदेश जात राहिले पाहिजेत, ही त्याची चिंता. संदेशाचे लहान तुकडे करावे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहावा, आणि प्रत्येक ठाण्यानें त्या क्षणीं मोकळ्या असलेल्या वाटेवर तो ढकलावा, असें त्यानें सुचविलें. इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यासहि स्वतंत्रपणें हीच कल्पना सुचली. त्या तुकड्यास काय म्हणावें याचा त्यानें भाषाज्ञांस विचारून विचार केला, आणि इतर भाषांत सहज नेतां येईल असा 'पॅकेट' हा शब्द निवडला. त्याचा मान राखून मी त्यास पुडकें म्हणतों. अशीं पुडकीं पुढें ढकलणारीं पहिलीं ठाणीं १९६९ च्या शरदांत अमेरिकेंतील आर्पानेट या जाळ्यांत कामास लागलीं, आणि १ जानेवारी १९८३ पासून त्या जाळ्यानें आजच्या इंटरनेटची पत्ता लिहिण्याची रीत उचलली.

टेलिफोनच्या जोडणींत बोलणें सुरू होण्यापूर्वीं या टोंकापासून त्या टोंकापर्यंत एक तार राखून ठेवीत. तुम्ही गप्प बसलां तरी ती तुमचीच. पुडक्यास अशी राखीव वाट नसते. त्याचा आकार फार तर दीड हजार अक्षरांचा. त्याच्या माथ्यावर धाडणाऱ्याचा आंकडा, घेणाऱ्याचा आंकडा, आणि आणखी थोडी नोंद. हा आंकडा चार भागांत लिहितात, प्रत्येक भाग शून्यापासून दोनशें पंचावन्नपर्यंत. अशा रीतीनें सुमारें ४२९ कोटी पत्ते होतात. राउटरजवळ एक तक्ता असतो. त्यांत सगळे पत्ते नसतात, ते मावणारहि नाहींत. पत्त्यांचे आरंभ असतात, आणि प्रत्येक आरंभापुढें पुढच्या टप्प्याचें नांव. समजा, नगरांतील एखाद्या कचेरीच्या राउटरच्या तक्त्यांत तीन ओळी आहेत. पहिली: १०.४१ नें सुरू होणारें सर्व पुण्याच्या तारेवर. दुसरी: १०.४१.४ नें सुरू होणारें कर्जतच्या तारेवर. तिसरी: बाकीचें सर्व मुंबईकडे. आतां १०.४१.४.२ असा पत्ता घेऊन पुडकें आलें. त्यास पहिली ओळ लागू पडते, दुसरीहि पडते, आणि तिसरी तर सर्वांसच लागू. राउटरचा नियम असा, कीं जिचा आरंभ सर्वांत लांबपर्यंत जुळतो ती ओळ खरी. म्हणून पुडकें कर्जतच्या तारेवर जातें. आरंभ वाटेल तितका लांब किंवा आंखूड धरण्याची ही सवलत इंटरनेटास १९९३ पासून मिळाली. त्यापूर्वीं ठराविक तीन मापांचेच गट असत, आणि पत्ते फार वांया जात.

तिसरी ओळ घरच्या वापरांत सर्वांत महत्त्वाची. ज्याच्या घरीं बाहेर पडण्यास एकच दार आहे त्याचा तक्ता म्हणजे ती एकच ओळ: मला माहीत नाहीं, पुढच्यास विचारा. आणि जेथें अशी ओळहि नाहीं आणि दुसरी एकहि जुळत नाहीं, तेथें राउटर पुडकें टाकून देतो आणि धाडणाऱ्यास उलट कळवितो, कीं या पत्त्यास वाट नाहीं. पत्ता अचूक, घेणारा आपल्या जागीं हजर, आणि तरीहि वाट नाहीं, असा प्रसंग नगरच्या इतिहासांत घडलेला आहे. ऑगस्ट १९४२ मध्यें काँग्रेसच्या पुढाऱ्यांस नगरच्या किल्ल्यांत आणून ठेवलें. त्यांस कोठें ठेवलें आहे हें सरकारनें आरंभीं गुप्त राखलें होतें. मौलाना आझादांनीं तेथें बसून आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांस एकामागून एक पत्रें लिहिलीं. पत्ता ठाऊक होता. तीं धाडण्याची मुभा नव्हती. कैद संपल्यावर १९४६ सालीं 'गुबार-ए-खातिर' या नांवानें त्यांचें पुस्तक निघालें, आणि शेरवानींना उद्देशून लिहिलेलें सर्व हिंदुस्थानानें वाचलें. राउटरच्या परत येणाऱ्या चिठ्ठींत वाट कां नाहीं याचा थोडा तपशील असतो: तार तुटली आहे, कीं वरून मनाई आहे. किल्ल्यांतून तेवढेंहि कळण्याची सोय नव्हती.

तक्ता भरतो कोण? लहान जाळ्यांत माणूस हातानें भरतो. मोठ्या जाळ्यांत राउटर एकमेकांस सांगून भरतात, आणि येथें दौंड-मनमाड रस्ता पुन्हां उपयोगी पडतो. मुंबई, पुणें, दौंड, नगर, मनमाड, नाशिक हीं सहा ठाणीं एका वळ्यासारखीं जोडलेलीं आहेत असें समजा. नाशिकाच्या पुढें पुन्हां मुंबई. प्रत्येकानें ठराविक वेळानें दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांस एवढेंच सांगावयाचें, कीं माझ्यापासून मुंबई किती टप्पे. पुणें म्हणतें एक. तें ऐकून दौंड स्वतःस धरून दोन म्हणतें. नगर तें ऐकून तीन म्हणतें. आणि मनमाडकडूनहि त्यास दोनच ऐकूं येत असल्यामुळें त्या बाजूनेंहि तीनच. नकाशा कोणीं पाहिलेला नाहीं, सगळी ऐकीव माहिती. तरी प्रत्येकाचें उत्तर बरोबर निघालें.

ऐकीव माहितीचा धोकाहि येथेंच दिसतो. समजा दौंडापुढें रस्ता नाहीं, म्हणजे १८७८ पूर्वींची स्थिति. आणि भोर घाट बंद पडला. पुण्याची मुंबईकडील तार गेली. पण दौंड अजून 'माझ्यापासून दोन' असें म्हणतच आहे. तें दोन आपल्याच एकावर बेतलेलें आहे हें पुण्यास कळण्याचा मार्ग नाहीं. तें आनंदानें म्हणतें: मग दौंडावरून मला तीन. दौंड तें ऐकून चार म्हणतें, पुणें पांच, दौंड सहा. दोघेंहि एकमेकांच्या भरंवशावर, आणि मुंबईचीं सगळीं पुडकीं पुणें-दौंड, दौंड-पुणें अशा येरझारा घालीत आहेत. चाळींतील अफवा याहून वेगळ्या रीतीनें पसरत नाहीं! यावर काढलेला उपाय फार साधा आहे. रिप या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या रीतींत पंधरा टप्प्यांपलीकडे मोजावयाचेंच नाहीं. सोळा म्हणजे वाट नाहीं. आणि येरझारा घालणाऱ्या पुडक्यासाठीं निराळी तजवीज: त्याच्या माथ्यावर एक आंकडा लिहिलेला असतो, प्रत्येक राउटर त्यांतून एक वजा करतो, आणि शून्य झाला कीं पुडकें तेथेंच संपतें. आतां दौंड-मनमाड रस्ता पुन्हां जोडा. घाट बंद पडतांच नगर मनमाडकडचे आपले तीन टप्पे दौंडास सांगत राहतें. दौंड चार धरतें, पुणें पांच, आणि अफवा तेथेंच मिटते. दुसरी खरी वाट अस्तित्वांत असली, तरच ऐकीव माहितीवर चालणारी व्यवस्था स्वतःस सावरते. बारनच्या सर्व गणिताचा गाभा हा आहे. आणि आपल्याकडे तो पुष्कळ वर्षें दुर्लक्षित राहिला, असें माझें मत आहे.

कारण आपल्या देशांत आरंभीं झालें तें उलट. नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरनें १९८० नंतरच्या दशकांत निकनेट हें सरकारी जाळें उभारलें आणि जिल्ह्याजिल्ह्याच्या ठिकाणीं उपग्रहाच्या लहान तबकड्या बसविल्या. कामगिरी मोठी होती. परंतु या तबकड्या बोलत त्या दिल्लीच्या मुख्य ठाण्याशीं. एका जिल्ह्याचा संदेश शेजारच्या जिल्ह्यास जावयाचा, तरी तो छत्तीस हजार किलोमीटर वर उपग्रहाकडे, तेथून खालीं दिल्लीस, पुन्हां वर, आणि पुन्हां खालीं. जिल्ह्याच्या यंत्रास ठरविण्यासारखें कांहीं नव्हतेंच. वाट एक आणि तिच्या मध्यावर दिल्ली. त्याच सुमारास मुंबईंत नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आय.आय.टी. यांच्यामध्यें एर्नेट या शिक्षणसंस्थांच्या जाळ्याच्या आरंभीचा पत्रव्यवहार साध्या टेलिफोनवरून होऊं लागला होता. त्या यूयूसीपी नांवाच्या पद्धतींत मूळ रीत अशी, कीं धाडणाऱ्यानेंच प्रत्येक टप्प्याचें नांव क्रमानें लिहावें, मध्यें उद्गारचिन्हें घालून. म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस जासूद पुन्हां अवतरला होता! १९८९ सालीं मुंबईहून अमेरिकेस सेकंदास ९६०० बिटांची, म्हणजे साधारण बाराशें अक्षरांची कायमची तार जोडली गेली, आणि नव्या रीतीचीं पुडकीं तीवरून ये-जा करूं लागलीं. एक भरलेलें पुडकें त्या तारेवरून जावयास सव्वा सेकंद घेई.

सामान्य गिऱ्हाइकास विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट दिलें, तें मोठ्या शहरांत. ज्या गांवीं निगमाचें केंद्र नव्हतें तेथल्या माणसास एस.टी.डी. करून दुसऱ्या शहराचें केंद्र गांठावें लागे, आणि त्याचें बिल मिनिटागणिक चढे. डायल-अप राउटरचें वेगळेपण येथें येतें. इतर राउटरांस कोठें एवढेंच ठरवावें लागतें. यास आधीं जावें कीं नाहीं हें ठरवावें लागतें, कारण त्याची वाट मुळीं अस्तित्वांतच नसते. ती नंबर फिरवून निर्माण करावी लागते, आणि निर्माण झाल्या क्षणापासून पैसे घेते.

म्हणून त्याच्या तक्त्यास एक पुरवणी असते. तक्ता सांगतो, कीं या पुडक्याचा पुढचा टप्पा अमुक. पुरवणी सांगते, कीं त्या टप्प्याचा टेलिफोन नंबर तमुक. आणखी एक यादी असते: कोणत्या प्रकारच्या पुडक्यासाठीं फोन करावा आणि कोणत्यासाठीं करूं नये. बँकेच्या शाखेचा हिशेब मुख्य कचेरीस जावयाचा आहे, तर फोन करा. एखादें यंत्र सहज 'कोणी आहे काय' म्हणून विचारीत आहे, तर करूं नका. फोन लागून मोडेमांची ती सुप्रसिद्ध किरकिर संपेपर्यंत वीस-तीस सेकंद जात. तोंवर आलेलीं पुडकीं थोडीं रांगेंत उभीं राहत, उरलेलीं टाकलीं जात, आणि धाडणारें यंत्र तीं मुकाट्यानें पुन्हां धाडी. लाइन चालू असतांना यादींत नसलेलीं पुडकींहि तीवरून फुकट जात. मात्र त्यांच्यासाठीं ती चालू ठेवली जात नसे.

ती शेजाऱ्यांस टप्पे सांगत राहण्याची रीत येथें किती महागांत पडते, हें आतां ध्यानांत येईल. रिपच्या नियमाप्रमाणें ही वार्ता दर तीस सेकंदांनीं सांगावयाची असते. ती फोन करण्याजोग्या यादींत चुकून राहिली, तर राउटर रात्रभर, कोणी काम करीत नसतांना, दर अर्ध्या मिनिटास शेजाऱ्यास 'मी आहें, मुंबई माझ्यापासून तीन' असें एस.टी.डी.वरून सांगत बसे; आणि महिन्याअखेर बिल पाहून कचेरींत हाहाकार उडे. म्हणून फोनच्या लाइनीवर बहुधा ही वार्ताच बंद करीत, आणि वाट हातानें लिहून ठेवीत. हातानें लिहिलेली वाट स्वतःहून बदलत नाहीं. पलीकडचें केंद्र बंद पडलें तरी राउटर तेथेंच फोन लावीत राहतो, मनमाडाकडून जातां येईल हें त्यास कोणी सांगितलेलेंच नसतें. स्वस्ताई आणि शहाणपण यांतून स्वस्ताई निवडावी लागली, असा हा व्यवहार. आणि ज्या गांवांस केंद्र दूर त्यांनाच तो करावा लागे.

उत्तराच्या वाटेचाहि प्रश्न होताच. घरच्या संगणकास कायमचा पत्ता नसे. फोन लागला, म्हणजे केंद्र आपल्याजवळच्या पत्त्यांतून एक त्यास देई, आणि त्याच क्षणीं आपल्या तक्त्यांत लिही, कीं हा पत्ता सध्यां अमुक मोडेमावर आहे. जगांतून येणारें उत्तर केंद्रापर्यंत इतरांच्या तक्त्यांवरून येई. शेवटचा टप्पा मात्र या एका ओळीवर अवलंबून. शेवटचें पुडकें गेल्यावर राउटर घड्याळ लावून बसे. कांहीं मिनिटें, दोन किंवा तीन, जशी मालकानें ठरविली असतील तशीं, यादींतलें एकहि पुडकें आलें नाहीं, कीं तो फोन ठेवून देई. केंद्राच्या तक्त्यांतील ओळ पुसली जाई आणि तोच पत्ता पुढच्या फोन करणाऱ्यास मिळे. मागें राहिलेलें एखादें उशिराचें उत्तर तोंवर आलें, तर तें त्या परक्याच्या दारीं जाई, आणि त्याचें यंत्र तें न ओळखून टाकून देई.